पेशींना आत शिरू द्या: त्रिमितीय तंतुमय स्कॅफोल्ड पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

स्कॅफोल्ड म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारी, इथे पॉलिमरच्या बारीक धाग्यांची, तात्पुरती रचना. ती बनवायला शिकणारे बहुतेक जण सुरुवातीला धाग्याच्या मागे लागतात. धागा किती बारीक निघाला, किती सारखा निघाला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली किती देखणा दिसतो, यातच पहिले काही महिने जातात. पेशी मात्र धाग्यात राहत नाहीत, धाग्यांमधल्या पोकळीत राहतात. धागा त्यांना पाय रोवायला लागतो. पसरायला, विभागायला आणि स्वतःचे कोलॅजन विणायला लागते ती मोकळी जागा. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: यामुळे पोकळीचे काय होणार?

हा लेख ज्यांच्या हाताशी फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारा बंदिस्त ओटा), उच्च दाबाचा वीजपुरवठा आणि पेशी-संवर्धनाची स्वच्छ खोली आहे, पण ज्यांनी तंतुमय स्कॅफोल्ड अजून केलेले नाही, त्यांच्यासाठी आहे. घरी करून बघण्याचा हा प्रयोग नाही. यात विषारी द्रावके आहेत, हजारो व्होल्ट आहेत आणि मानवी पेशी आहेत. त्या पेशी देणाऱ्याची संमती आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी हातात असल्याशिवाय पहिली कुपीसुद्धा उघडू नका.

आधी ऊती ठरवा, मग यंत्राकडे जा

शरीरातल्या पेशींभोवती प्रथिनांची आणि शर्करांची एक जाळी असते. तिच्यातले कोलॅजनचे तंतू साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर जाडीचे असतात. कंडरेमध्ये ते एकाच दिशेने, घट्ट ओळीत असतात. त्वचेत ते सगळीकडे गुंतलेले असतात. सांध्याच्या कूर्चेत वरच्या थरात पृष्ठभागाला समांतर, तर खोलवर उभे असतात. तंतुमय स्कॅफोल्डचा सगळा खटाटोप या जाळीची तात्पुरती जागा घेण्यासाठी आहे. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी १९९३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ऊती अभियांत्रिकीवर लिहिलेला लेख या क्षेत्राचा पाया मानला जातो. पेशी, त्यांना आधार देणारी रचना आणि त्यांना वळण लावणारे जैविक संकेत या तीन गोष्टींभोवती आजही सगळे काम फिरते.

धागा काढणाऱ्या यंत्राला हात लावण्याआधी वहीत पाच गोष्टी लिहून काढा: तंतूचा व्यास, पोकळीचा आकार, एकूण जाडी, रचना किती काळ टिकायला हवी आणि ती किती ताठ हवी. पाचही आकडे पहिल्याच दिवशी अचूक येणार नाहीत, पण ते लिहिलेले नसले की माणूस यंत्रातून जे निघेल त्यालाच उद्दिष्ट समजू लागतो.

जाडीचा आकडा लिहिताना एक मर्यादा लक्षात ठेवा. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे पेशीला पुरेसा ऑक्सिजन नुसत्या विसरणाने पोहोचत नाही. कूर्चेतल्या पेशी कमी ऑक्सिजनवर निभावून नेतात. हाड, यकृत आणि स्नायू यांच्या पेशींना ते जमत नाही. पाच मिलिमीटर जाडीचे स्कॅफोल्ड बनवायचे म्हणत असाल, तर त्याच्या मधोमध बसलेली पेशी कशावर जगणार याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

ताठपणाकडे नवखे लोक सहसा बघतही नाहीत. डेनिस डिशर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले की मेसेन्कायमल स्टेम पेशी, म्हणजे वेगवेगळ्या ऊतींच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी, ज्या पृष्ठभागावर बसतात त्याच्या ताठपणावरून आपली वाट धरतात: १ किलोपास्कलच्या आत चेतापेशींसारखी, १० च्या आसपास स्नायूंसारखी, २५ ते ४० च्या दरम्यान हाडासारखी. ते प्रयोग सपाट जेलवर झाले होते, त्यामुळे हे आकडे तंतूंना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी आधार देणारी वस्तू स्वतःच एक संकेत असते, एवढे त्यातून पक्के कळते.

पॉलिमर: पॉलिकॅप्रोलॅक्टोनपासून सुरुवात करा

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिले सहा महिने पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, सोडून दुसरे काही घेऊ नका. ते साध्या द्रावकांत विरघळते, धागा सहज देते, लवचिक असते आणि त्याच्याबद्दल इतके काम झालेले आहे की काहीही बिघडले तरी ताडून बघायला आधार मिळतो. ते सुमारे ६० अंश सेल्सियसला वितळते. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे दोन ठिकाणी तो अडवणार आहे. शरीरात ते पूर्ण विघटित व्हायला दोन वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात.

तुमच्या ऊतीला इतका वेळ नको असेल, तर पीएलजीए हे लवकर विघटित होणारे पॉलिमर घेता येते. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटक निम्मे-निम्मे असलेले पीएलजीए एक-दोन महिन्यांत विघटित होते. पण विघटनातून आम्ल तयार होते, जाड रचनेच्या आत ते साचते आणि विघटन आणखी जोर धरते. शिवाय पाण्यात ३७ अंशांवर पीएलजीएचे तंतू आकसतात, म्हणजे जपून ठेवलेली पोकळी पहिल्या काही दिवसांतच मिटते.

कोलॅजनचा मोह सगळ्यांना होतो, कारण शरीरात तेच असते. मात्र धागा काढण्यासाठी ते ज्या फ्लुओरिनयुक्त अल्कोहोलमध्ये विरघळवतात त्यात त्याची तिहेरी सर्पिल रचना बरीचशी मोडते आणि हातात येते ते जवळजवळ जिलेटिन. मग सरळ जिलेटिनच घ्यावे, ते स्वस्त पडते. दोन्हींचे तंतू पाण्यात विरघळू नयेत म्हणून त्यांना रासायनिक दुवे द्यावे लागतात, आणि ते रसायन शेवटी पुरते धुवून काढणे हे वेगळे काम होऊन बसते.

द्रावण

सुरुवातीचे एक प्रमाण देतो. पीसीएलचे रेणुभार सुमारे ८०,००० असलेले दाणे १.२ ग्रॅम घ्या. क्लोरोफॉर्म ३ भाग आणि मेथॅनॉल १ भाग असे मिश्रण करून त्यात दाणे टाका आणि एकूण आकारमान १० मिली करा. हे १२ टक्क्यांचे द्रावण झाले. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, चुंबकीय ढवळणीवर रात्रभर ठेवा. सकाळी ते पारदर्शक आणि पातळ मधासारखे वाहते हवे. तळाशी धूसर जेल दिसत असेल तर आणखी वेळ द्या. घाईने गरम करू नका, क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते आणि त्याआधीच उडून जाऊन तुमचे प्रमाण बिघडवते.

मेथॅनॉल कशासाठी, असा प्रश्न पडेल. पीसीएल त्यात विरघळत नाही. पण क्लोरोफॉर्म विजेला जवळजवळ दाद देत नाही, आणि द्रावणाने थोडा तरी विद्युतभार वाहून नेल्याशिवाय धार ताणली जात नाही. मेथॅनॉल ती सोय करते.

सिरिंज काचेची वापरा. साध्या प्लास्टिक सिरिंजच्या दट्ट्याचे रबर क्लोरोफॉर्मने फुगते, दट्टा अडतो आणि पंप चालू असूनही सुईतून थेंब येत नाही. नवखी मंडळी अशा वेळी विजेचा दाब वाढवत बसतात, दोष मात्र सिरिंजमध्ये असतो. पॉलिस्टायरीनची भांडीही या द्रावकापासून दूर ठेवा, ती विरघळतात.

प्रमाण कमी पडले तर धाग्यावर मणी दिसतात. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या नसल्या की पृष्ठताण धारेला थेंबांत तोडू बघतो, साखळ्या तिला अर्धवट धरून ठेवतात, आणि मणी व धागा अशी माळ तयार होते. उपाय म्हणजे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढवणे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा.

सुई, वीज आणि धार

या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. अँटोन फॉर्महाल्स यांना तिचे एक महत्त्वाचे पेटंट १९३४ मध्ये मिळाले. विजेच्या क्षेत्रात थेंब शंकूचा आकार का घेतो याचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६० च्या दशकात मांडले, म्हणून त्या शंकूला टेलर शंकू म्हणतात. १९९० च्या दशकात अॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांच्या गटाने हे तंत्र पुन्हा उजेडात आणले.

मांडणी सोपी आहे. सिरिंज पंपावर सिरिंज, तिला २० किंवा २१ गेजची बोथट टोकाची सुई, समोर १५ सेंटीमीटरवर भूसंपर्कित धातूचा संग्राहक, म्हणजे धागे ज्यावर गोळा होतात तो पत्रा. पंपाचा वेग ताशी १ मिली. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि रोज तीच. आर्द्रता फार वाढली तर उडणाऱ्या द्रावकाने गार झालेल्या धाग्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात आणि धाग्याच्या अंगावर खड्डे पडतात.

आता वीज सुरू करा आणि दाब हळूहळू वाढवत न्या. नजर सुईच्या टोकावर ठेवा. आधी थेंब गोल असतो. सहा-सात किलोव्होल्टच्या सुमारास तो लांबट होऊ लागतो. आणखी वाढवलेत की त्याचे टोक निमुळते होते आणि त्या टोकातून केसापेक्षा बारीक धार सुटते. पहिले एक-दोन सेंटीमीटर ती सरळ दिसते, मग अचानक दिसेनाशी होते. तिथून पुढे ती प्रचंड वेगाने गिरक्या घेत ताणली जात असते. मागे काळा कागद धरून तिरपा उजेड टाकला तर धुक्याच्या शंकूसारखे काहीतरी दिसते. बहुतेक द्रावक तिथेच उडते. १२ ते १५ किलोव्होल्टमध्ये धार स्थिर व्हायला हवी.

या थेंबाकडे बघायला शिका. तो टपकत असेल तर द्रावण जास्त येते आहे किंवा वीज कमी पडते आहे. शंकू दिसेनासा होऊन धार थेट सुईच्या आतून निघत असेल, किंवा एका टोकातून दोन-तीन धारा फुटत असतील, तर दाब जास्त झाला. टोकावर पांढरी साय धरत असेल तर द्रावक फार लवकर उडते आहे. लांब, वीज न वाहणाऱ्या कांडीने ती पुसून घ्या. हात जवळ नेऊ नका.

सुरक्षिततेचे इथेच सांगतो. क्लोरोफॉर्म यकृताला अपाय करते, मेथॅनॉलची वाफ पेट घेते आणि विजेची ठिणगी शेजारीच असते. फ्यूम हूड चालू आहे याची खात्री करूनच वीज सुरू करा, आणि हूडचे दार उघडताच वीज तुटेल अशी कळ बसवून घ्या. वीज बंद केल्यावरही सुई आणि संग्राहक यांवर भार उरतो. भूसंपर्कित दांडा दोन्हींना टेकवून तो उतरवा, मगच हात लावा. या कामाला एकट्याने बसू नये.

जाडी किती मिळते, ते आधी कागदावर काढा

१२ टक्क्यांचे द्रावण ताशी १ मिली सोडले की तासाला ०.१२ ग्रॅम पीसीएल बाहेर पडते. समजा ते सगळे १०० चौरस सेंटीमीटर संग्राहकावर पडले. पीसीएलची घनता सुमारे १.१४५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे, आणि तंतूंच्या चादरीत साधारण ८५ टक्के पोकळी असते असे धरू. मग तासाला जेमतेम ७० मायक्रॉन जाडी मिळते. एक मिलिमीटरसाठी चौदा तासांहून जास्त लागतील.

प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही. पीसीएल विजेचे दुर्वाहक असल्याने पडलेले धागे आपला भार सोडत नाहीत. थर जाड होत गेला की तो नव्या धाग्यांना दूर ढकलू लागतो, धागे कडेला सरकतात आणि मधला भाग हवा तसा वाढत नाही. साध्या मांडणीतून तुम्हाला चादर मिळते, ठोकळा नाही.

हेच गणित उलटे करून सच्छिद्रता मोजता येते. चादरीचा २ बाय २ सेंटीमीटरचा तुकडा कापा. जाडी ०.३ मिलिमीटर असेल तर आकारमान ०.१२ घन सेंटीमीटर झाले. वजन २०.६ मिलिग्रॅम भरले, तर तुकड्याची घनता ०.१७२ आली. तिला १.१४५ ने भागा. उत्तर ०.१५, म्हणजे १५ टक्के पॉलिमर आणि ८५ टक्के पोकळी. जाडी मोजताना मायक्रोमीटरचे जबडे चादरीला दाबणार नाहीत याची काळजी घ्या, दबली की आकडा खोटा येतो.

८५ टक्के ऐकून समाधान वाटते, आणि नेमकी इथेच फसगत होते. सच्छिद्रता म्हणजे एकूण पोकळी किती. तिच्यावरून एकेक भोक केवढे ते कळत नाही. ५०० नॅनोमीटरच्या धाग्यांची चादर ८५ टक्के पोकळ असूनही तिच्यातली रंध्रे दोन-तीन मायक्रॉनचीच असतात. पेशी निलंबित अवस्थेत १० ते २० मायक्रॉनची असते. ती वर बसते, छान पसरते, चित्रात सुंदर दिसते आणि आत काही केल्या जात नाही. सच्छिद्रता तेवढीच ठेवून धागा जाड केला की धाग्यांची संख्या घटते आणि त्यांच्यामधले अंतर वाढते. शरीरातल्या तंतूंइतका बारीक धागा आणि पेशी मावेल एवढी पोकळी या दोन्ही गोष्टी साध्या इलेक्ट्रोस्पिनिंगमधून एकत्र मिळत नाहीत. पुढचे सगळे उपाय या पेचातून निघालेले आहेत.

चादरीतून खोली कशी आणायची

पहिला उपाय वर आलाच: धागा जाड करा. द्रावणाचे प्रमाण वाढवून, सुई मोठी घेऊन, पंपाचा वेग वाढवून ५ ते १० मायक्रॉनचा धागा काढता येतो. रंध्रे २०-४० मायक्रॉनपर्यंत जातात आणि पेशी आत सरकू लागतात. मोबदल्यात नॅनोतंतूंचा सूक्ष्म पोत गमवावा लागतो.

दुसरा उपाय मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो: बळी जाणारे तंतू. एका सुईतून पीसीएल आणि दुसऱ्या सुईतून पाण्यात विरघळणारे पॉलिइथिलीन ऑक्साइड, दोन्ही एकाच फिरत्या दंडगोलावर विरुद्ध बाजूंनी सोडायचे. चादर तयार झाली की पाण्यात बुडवायची. पॉलिइथिलीन ऑक्साइड निघून जाते आणि त्याच्या जागी वाटा उरतात. धुण्याआधीचे आणि धुऊन वाळवल्यानंतरचे वजन घेतले की किती तंतू गेले ते थेट कळते. हे वजन चादरीच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवरून घ्या, कारण दोन सुयांचे धागे सगळीकडे सारख्या प्रमाणात मिसळत नाहीत. निम्म्याहून जास्त तंतू बळी देऊ लागलात तर उरलेली जाळी स्वतःच्या भाराने चेपते आणि मिळवलेली पोकळी हातची जाते. म्हणून ३० टक्क्यांपासून सुरू करून वर जा.

याशिवाय आणखी वाटा आहेत. धाग्यांबरोबर मिठाचे कण पेरून ते नंतर धुवून काढतात, पण चादरीचे थर सुटण्याचा धोका असतो. घन संग्राहकाऐवजी अल्कोहोलच्या कुंडात धागे पकडले की कापसासारखा फुगीर गोळा मिळतो, मात्र त्याचा आकार सांभाळणे अवघड जाते. तयार चादर सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणात ठेवली की आत हायड्रोजनचे बुडबुडे तयार होऊन थर एकमेकांपासून उचलले जातात. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, त्यामुळे हा प्रयोग नवख्याने देखरेखीशिवाय करू नये.

पोकळीचा आकार स्वतः आखायचा असेल, तर मेल्ट इलेक्ट्रोरायटिंग शिकावे लागेल. यात द्रावक नसते. पीसीएल ७० ते ९० अंशांवर वितळवून, संग्राहक काही मिलिमीटरवर ठेवून, धार गिरक्या घेण्याआधीच पकडतात आणि सरकत्या पटलावर रेघ ओढावी तशी रचतात. २०११ मध्ये टोबी ब्राउन, पॉल डाल्टन आणि डिटमार हुटमाखर यांनी ही थेट लेखनाची रीत प्रसिद्ध केली. ५ ते ५० मायक्रॉनचे तंतू एकावर एक अचूक बसतात आणि दोन तंतूंमधले अंतर तुम्ही ठरवता. उणीव अशी की ही रचना फार मोकळी असते. शेकडो मायक्रॉनच्या चौकटीतून पेशी सरळ खाली गळतात, त्यामुळे त्यांना धरून ठेवायला आत मऊ जेल भरावे लागते. दोन्ही पद्धती एकत्र करणारे, म्हणजे जाड तंतूंच्या चौकटीत नॅनोतंतू पेरणारे स्कॅफोल्ड मला या क्षेत्रातली सर्वात आश्वासक दिशा वाटते.

कंडरा, स्नायू किंवा चेतातंतूंसाठी धागे एका दिशेने हवे असतात. त्यासाठी संग्राहक म्हणून वेगाने फिरणारा दंडगोल घेतात. फेऱ्यांचा आकडा एकट्याने काही सांगत नाही, पृष्ठभागाचा वेग काढा. १० सेंटीमीटर व्यासाचा दंडगोल मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर पृष्ठभाग सेकंदाला ७.८५ मीटर धावतो. या सुमाराला धागे ओळीत येऊ लागतात. मात्र ओळीतले धागे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून रंध्रे आणखी बारीक होतात. अशा वेळी बळी जाणारे तंतू जवळजवळ अपरिहार्य ठरतात.

वाळवणे, निर्जंतुक करणे, भिजवणे

चादर निर्वात कक्षात किमान ४८ तास ठेवा. उरलेले क्लोरोफॉर्म पेशी मारते, आणि मग दोष पॉलिमरला दिला जातो.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, वापरायचे नाही. १२१ अंशांवर पीसीएलचा गोळा होतो. ६० अंशांच्या आकड्याने इथे पहिल्यांदा अडवले. प्रयोगशाळेतल्या कामासाठी ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास बुडवून नंतर निर्जंतुक क्षारद्रावणात तीनदा धुणे पुरते. अतिनील प्रकाश फक्त पृष्ठभागापर्यंत पोहोचतो, जाड स्कॅफोल्डसाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पुढे रुग्णापर्यंत जायचे असेल तर इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण लागतात. गॅमा किरणांची नेहमीची २५ किलोग्रेची मात्रा पॉलिमरच्या साखळ्यांवर परिणाम करते, त्यामुळे ताकदीची चाचणी निर्जंतुक केल्यानंतरच्या तुकड्यांवर करा.

पीसीएल पाण्याला दूर ठेवते. कोरड्या चादरीवर पोषक द्रवाचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा वर बसून राहतो आणि आतली हवा आतच अडकते. ज्या पोकळीसाठी एवढा खटाटोप केला ती हवेने भरलेली असेल तर पेशी तिथे जाणार कशा? म्हणून ७०, ५०, २५ टक्के इथेनॉल आणि मग क्षारद्रावण असे उतरत्या क्रमाने भिजवा. एक सोपी खूण आहे: पीसीएल पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे पूर्ण भिजलेला तुकडा तळाला जातो. तरंगत असेल तर आत हवा आहे. शेवटी पोषक द्रवात रात्रभर ठेवा, म्हणजे त्यातल्या सीरममधली (रक्तातल्या पेशीविरहित द्रवातली) प्रथिने धाग्यांवर बसतील. पेशी खरे म्हणजे त्या प्रथिनांनाच धरतात. प्लाझ्मा प्रक्रिया किंवा सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने पृष्ठभाग पाणी धरणारा करता येतो, पण सोडियम हायड्रॉक्साइड धागा खाते, वेळ मोजूनच वापरा.

पेशी पेरणे

आठ मिलिमीटरच्या चकत्या कापा आणि पेशींना न चिकटणाऱ्या तळाच्या कप्प्यांत ठेवा. साध्या प्लेटमध्ये पेशी स्कॅफोल्ड सोडून प्लास्टिकवर जाऊन वाढतात आणि तुमचे आकडे फुगवतात.

चकतीवरचा जादा द्रव टिपून घ्या, पण ती कोरडी पडू देऊ नका. मानवी मेसेन्कायमल स्टेम पेशी शक्यतो पाचव्या पिढीच्या आतल्या घ्या. एका चकतीसाठी सुमारे दोन लाख पेशी फक्त ३० मायक्रोलिटरमध्ये घेऊन थेंब मधोमध सोडा. द्रव जास्त घेतला तर पेशी कडेने ओघळून जातात. कप्प्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत थोडे निर्जंतुक पाणी ठेवा, म्हणजे थेंब सुकणार नाही. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर दीड-दोन तास ठेवून मग पोषक द्रव कडेने, हळू भरा. दुसऱ्या दिवशी चकत्या नव्या कप्प्यांत हलवा आणि जुन्या कप्प्यांत राहिलेल्या पेशी मोजा. पेरलेल्यांतून त्या वजा केल्या की किती पेशी खरोखर बसल्या ते कळेल.

द्रव दर दोन-तीन दिवसांनी बदला. हाडाकडे वळवायचे असेल तर त्यात डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर आणि अॅस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालतात. कूर्चेसाठी टीजीएफ-बीटा ३ हे प्रथिन १० नॅनोग्रॅम प्रति मिली वापरतात, आणि तेव्हा सीरम वगळतात. एक-दोन मिलिमीटरपलीकडच्या जाडीला स्थिर द्रव पुरत नाही, द्रव रचनेतून वाहता ठेवणारा बायोरिॲक्टर लागतो.

आत काय घडले ते बघणे

रेझाझुरिन या रंगद्रव्याची चाचणी पेशी जिवंत आणि कार्यरत आहेत का ते सांगते. कॅल्सीनने जिवंत पेशी हिरव्या आणि प्रोपिडियम आयोडाइडने मेलेल्या लाल दिसतात. डीएनए मोजून पेशींची संख्या काढता येते. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३-५ या मानकात पेशींची जीवनक्षमता तुलना-गटाच्या ७० टक्क्यांखाली गेली तर पदार्थ पेशींना विषारी धरतात. या चाचण्यांबरोबर पेशी न टाकलेले स्कॅफोल्डही ठेवा, कारण धागे रंग शोषतात. शक्य असेल तर एकाहून अधिक दात्यांच्या पेशी वापरा, दात्यागणिक निकाल बदलतात.

पण यातली एकही चाचणी पेशी किती खोल गेल्या ते सांगत नाही. पृष्ठभागावरच्या दाट थरानेही हे सगळे आकडे उत्तम येतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक पांढऱ्या, प्रकाश विखुरणाऱ्या पीसीएलमध्ये फार खोल बघू शकत नाही. आडवा छेद घेण्याला पर्याय नाही.

छेदासाठी नेहमीची पॅराफिनची पद्धत चालत नाही. तिच्यातले झायलिन पीसीएल विरघळवते आणि वितळलेले मेण सुमारे ६० अंशांवर असते. त्या आकड्याने अडवायची ही दुसरी वेळ. नमुना स्थिर करून, साखरेच्या द्रावणात मुरवून, गोठवण्याच्या माध्यमात बसवा आणि क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेल्या नमुन्याचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, छेद घ्या. धागे पात्याखाली ओढले जातात, म्हणून छेद २० मायक्रॉन किंवा त्याहून जाड ठेवा आणि पाते वारंवार बदला. डॅपी या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने केंद्रके रंगवा. मग पृष्ठभागापासून ५०-५० मायक्रॉनचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातली केंद्रके मोजा, आणि हे पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी करा.

या आलेखावरून पुढचा प्रयोग ठरतो. तिन्ही दिवशी पेशी पहिल्याच पट्ट्यात असतील, तर रंध्रे लहान आहेत. धागा जाड करा किंवा बळी जाणारे तंतू वाढवा. पहिल्या दिवशी खोलवर पेशी होत्या आणि एकविसाव्या दिवशी मधोमध फक्त तुटकी केंद्रके उरली, तर वाट मोकळी होती पण ऑक्सिजन पोहोचला नाही; जाडी कमी करा किंवा द्रव वाहता ठेवा. पेशी एका बाजूने आत गेल्या आणि दुसऱ्या बाजूने नाहीत, तर चकती संग्राहकावर कोणत्या बाजूने होती ते वहीत बघा. संग्राहकाला टेकलेली बाजू बहुधा जास्त दाट असते, आणि पुढच्या वेळी पेशी हवेकडच्या बाजूवर पेराव्या लागतील. म्हणूनच चकत्या कापतानाच प्रत्येकीच्या एका कडेला छोटी खाच पाडून बाजूची खूण करून ठेवा.